मनगट नसलेली मॅडम

१. खल्लास

धम्मदीपाचं मुंडकं उपटलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते बुधवारी भर दुपारी, अनसिंगच्या बसस्टँडसमोर. उपटणारा इसम चांगला पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप, ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. त्यानं मला ओळखलं, एका हातानं बटण दाबत दुसऱ्या हातानं सलाम ठोकला आणि खुशीत म्हणाला, "जयभीम मोठे बाबा! पाहा, तुमच्या पोरीले खल्लास केलं!"

माझी पुतणी तेव्हा शाळेत सातवीला विज्ञान शिकवत होती. मेली होती ती हर्षलच्या पेटीत. हर्षल म्हणजे इंजिनीअरिंग अर्धवट सोडून गावी परत आलेला पोरगा. त्यानं प्लायवूडच्या पेटीत कॉम्प्युटर बसवला, बाहेर एक दांडा आणि सहा बटणं लावली आणि स्वतः बनवलेला मारामारीचा गेम त्यात घातला. गेमचं नाव 'खल्लास'. यातली माणसं चितारलेली नाहीत, खरी आहेत. गावातल्याच लोकांचे लाथा मारतानाचे, बुक्के घालतानाचे व्हिडिओ घेऊन हर्षलनं ती आत उभी केली. हरला त्याला जिंकणाऱ्यानं ठार मारायचं, रक्ताचा फवारा उडतो, पडद्यावर 'खल्लास' लिहून येतं आणि भोवतीचे लोक टाळ्या वाजवतात. गेल्या आठवड्यापासून त्यात एक बाई आली होती. खाली नाव होतं 'दीपा मॅडम', आणि चेहरा माझ्या भावाच्या मुलीचा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी शेषराव, या गावचा निवृत्त पोस्टमास्तर. पस्तीस वर्षं लोकांची पत्रं सांभाळली, कुणाचं पाकीट चुकूनही उघडलं नाही. आणि इथं माझ्या पोरीचं अख्खं तोंड कुणीतरी न विचारता उचलून नेलं होतं!

संध्याकाळी धम्मदीपानं शाळेची नोटीस माझ्यासमोर ठेवली. 'अशोभनीय व हिंसक खेळात अभिनय केल्याबद्दल आपली सेवा समाप्त का करू नये?' शनिवारी अकरा वाजता संस्थेची बैठक. खाली सही सचिव शालिकराम यांची. तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर घासल्यानंतर याच महिन्यात तिची नेमणूक कायम व्हायची होती. वर्गात पोरं आता मान मोडल्याचा आवाज तोंडानं काढत होती. आणि गाव? गावानं तिला साधं विचारलंही नाही. आमच्या वस्तीतल्या पोरीबद्दल वाईट ऐकायला लोकांचे कान किती तयार असतात, ते मी जन्मभर पाहत आलो आहे.

"मोठे बाबा, मी कोणत्याच कॅमेऱ्यासमोर असं उभी राह्यली नाही," ती म्हणाली. "मंग मी त्या पेटीत गेलीच कशी?"

२. अंजनाबाई

पोलिसांत जावं तर शनिवार उजाडेपर्यंत ते हर्षलचा पत्ता विचारत बसतील. म्हणून मी अंजनाबाईंकडे गेलो.

अंजनाबाई आमच्या गावच्या कासारीण. बांगड्यांचं दुकान, शिक्षण सातवी, जीभ तिखट. दहा वर्षांपूर्वी पाटलांच्या घरातली पोत कुणी नेली ते त्यांनी नुसतं मोलकरणींचे आणि पाहुण्यांचे हात पाहून सांगितलं होतं. माणसं चेहऱ्यानं खोटं बोलतात, हातानं त्यांना जमत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे.

नोटीस वाचून झाल्यावर त्यांनी दुकानाला कुलूप लावलं. "चला भाऊ, मले पाहू द्या ते थेर."

पेटीपुढं पन्नाशी उलटलेली बाई उभी राहिलेली पाहून पोट्टे बाजूला झाले. अंजनाबाईंनी 'दीपा मॅडम' निवडली आणि मुद्दाम हरल्या. चारदा हरल्या. चारदा धम्मदीपाचं डोकं उडालं आणि चारही वेळा मी तोंड फिरवलं. त्या मात्र पापणी न हलवता पाहत राहिल्या आणि पाचव्या वेळी माझ्या मोबाइलमध्ये सगळं चित्रित करून घेतलं.

बाहेर येऊन म्हणाल्या, "तिच्या भुवईवर पांढरी पट्टी दिसून राह्यली. ते काय हाय?"

मी सांगितलं. जूनच्या शेवटी धम्मदीपा स्कूटीवरून पडली होती, तीन टाके पडले होते. पट्टी जेमतेम आठ दिवस होती. लढणाऱ्या बाईला शोभते म्हणून हर्षलनं ती तशीच ठेवली असणार.

"म्हंजे चेहरा त्या आठ दिवसांतला. अन् तो चेहरा डावीकडे वळते, उजवीकडे वळते, वर पाह्यते, खाली पाह्यते. एका फोटोतून असं होत नाई." त्यांनी मोबाइल माझ्या नाकाशी धरला. "आता हात पाहा."

मी पाहिले. दोन्ही मनगटांच्या जागी काहीच नव्हतं. पंजा वेगळा, कोपर वेगळं आणि मध्ये मागच्या लाल आभाळाची पट्टी आरपार दिसत होती. मी पोटतिडकीनं म्हणालो की हात कापलेला दाखवलाय नालायकांनी.

"कापला असता तर रक्त दाखवलं असतं, त्याची काई कमी हाय का तिथं? नीट पाहा. त्या रिकाम्या जागेच्या दोन्ही कडेले एक एक पिवळी रेघ हाय. हवेत लटकलेली." अंजनाबाईंनी मोबाइल परत दिला. "भाऊ, तुमची दीपा हातात काय घालते?"

"डाव्या हातात घड्याळ. बाकी काहीच नाही."

"मंग हे हात तिचे नाईत. चेहरा एकीचा हाय अन् अंग दुसरीचं. मारून राह्यले ते दोघी बायांले."

३. हर्षल

गुरुवारी सकाळी आम्ही हर्षलला गाठलं. त्याचा आमच्यावर राग होता, कारण शाळेच्या वेळेत त्याचं बसस्टँडसमोरचं गेमचं सेंटर बंद ठेवावं म्हणून धम्मदीपानंच ग्रामपंचायतीत अर्ज दिला होता. मला तोच गुन्हेगार वाटत होता आणि मी तसं त्याच्या तोंडावर सांगितलंही.

"मी कायले करू काका?" तो उसळला. "आखाड लागला तवा मी भिंतीवर कागद लावला. 'तुमीही व्हा फायटर.' बारा हाणामाऱ्यांची यादी देल्ली, अशी लाथ, असा बुक्का. ज्याले यायचं त्यानं व्हिडिओ आणून टाकावा. मॅडमचा पेन ड्राइव्ह शटरखालून आत आल्ता. संगं चिठ्ठी होती, छापलेली."

"आणि तू विचारलं नाहीस?"

"पेन ड्राइव्ह आला म्हंजे मर्जीनंच आला ना!"

त्याच्या या 'ना'वर माझा हात उठला असता. एका बाईला दिवसातून शंभरदा मारायचं ठरवलं आणि हिला चालेल का एवढं विचारायला याला वेळ नव्हता! पण अंजनाबाईंनी मला डोळ्यांनी दाबलं.

"पोरा, तू बाकीच्याईले कुठी उभं करतं?" त्यांनी विचारलं.

हर्षलनं आतली खोली दाखवली. भिंतीवर निळी चादर ताणलेली होती. माणसाला चादरीपुढं उभं करायचं, व्हिडिओ घ्यायचा आणि मग कॉम्प्युटरला सांगायचं की निळं तेवढं सगळं पूस. माणूस एकटा उरतो. हरिसिंग पहिलवान पहिल्या दिवशी निळी चड्डी घालून आले, तर पडद्यावर त्यांचं वरचं अंग वेगळं आणि पाय वेगळे नाचले. गाव आठवडाभर हसलं होतं. तेव्हापासून निळं घालून यायचं नाही असा नियम.

"मंग या मॅडमले काय पुसायले सांगतलं?"

"हिरवं," हर्षल सहज बोलून गेला. "मागं हिरवी जाळी होती. शेडनेट. व्हिडिओ दोन होते मावशी. एकात बाई तोंडाले स्कार्फ बांधून लाथा मारून राह्यली, दुसऱ्यात नुसता मॅडमचा चेहरा वळून राह्यला. चिठ्ठीत लिहिलं होतं, दोन्ही जोडून घे. मले वाटलं, मॅडम लाजत असतील."

"ते व्हिडिओ दाखव."

हर्षल खाली पाहू लागला. कापलेली चित्रं तेवढी ठेवून त्यानं मूळ व्हिडिओ पुसून टाकले होते, पेन ड्राइव्हवर गाणी भरली होती आणि चिठ्ठी फेकून दिली होती.

बाहेर पडल्यावर मी हताश झालो. अंजनाबाई मात्र झपाझप चालत होत्या. "भाऊ, निळ्यात हरिसिंगची चड्डी गेली. हिरव्यात बाईचं काय गेलं? दोन्ही कडेले सोन्याची पाटली अन् मधात हिरवं. तीस वर्षं हेच करून राह्यली मी. नवरीचा हिरवा चुडा हाय तो. नवी सून चुडा उतरवत नाई, कोणी कितीबी सांगो. अन् हर्षल तिथं असता तर हिरव्यासमोर हिरवं त्यानं चालूच देलं नसतं. व्हिडिओ काढणारा अडाणी होता."

४. हरिसिंग

शेडनेट म्हणजे मिरची-टमाट्याच्या रोपांवर ऊन कमी करायला लावतात ती हिरवी जाळी. आमच्या भागात बागाईतदारांकडं असते, पण प्रत्येकाला परवडत नाही. यंदा गावात चार नव्या सुना आल्या आणि सासूनं प्रत्येकीला एकदा तरी अंजनाबाईंच्या दुकानात आणलं होतं. त्या चौघींपैकी शेडनेट दोघींच्याच घरी होतं. एक हरिसिंग पहिलवानांचं, दुसरं खुद्द सचिव शालिकरामांचं.

हरिसिंगवर माझा पक्का संशय बसला. त्यांच्या तालमीत एका पोराला पट्ट्यानं झोडपलं म्हणून धम्मदीपानं त्यांना चारचौघांत सुनावलं होतं, आणि गेममध्ये तिचं डोकं उपटायला सगळ्यांच्या आवडीचा गडी तेच होते.

हरिसिंग रोपांना पाणी देत होते. मी विचारायच्या आधीच ते ओरडले, "मास्तर, मले काय पाह्यता? मी लाथा मारल्या, व्हय! पण समोर कोण उभी राह्यल ते मले सांगतलं होतं का? परवा माह्या नातीनं मले विचारलं, 'आबा, तुमी मॅडमची मान काहून मोडली?' दोन घास उतरले नाईत मले." त्यांनी नळी आपटली. "मी हर्षलले म्हटलं, माहं चित्र काढ बाहीर. तो म्हंते, गेम लोकप्रिय झाला."

"नवी सून दिसत नाई," अंजनाबाई म्हणाल्या.

"आखाड हाय ना बाई. आखाडात नवी सून सासरी कोण ठेवते? लागला त्याच दिवशी तिचा भाऊ किन्हीराजाहून आला अन् घेऊन गेला. श्रावणात येईन."

अंजनाबाईंनी मान डोलावली. परतताना मी हिशेब मांडला. मारामारीची यादी भिंतीवर लागली ती आखाड लागल्यावर, म्हणजे व्हिडिओ त्यानंतरचा. हरिसिंगची सून तेव्हा गावातच नव्हती. उरली शालिकरामांची.

"आणि चेहरा?" मी विचारलं. "त्या आठ दिवसांत धम्मदीपाला मान डावीकडे-उजवीकडे फिरवायला कुणी सांगितलं?"

हा प्रश्न मी धम्मदीपालाच जाऊन विचारला. ती वह्या तपासत होती. तिचा हात जागीच थांबला.

"शाळा उघडली त्या दिवशी," ती हळू म्हणाली. "हजेरीच्या मोबाइलात सगळ्या शिक्षकांचे चेहरे भरले. डावीकडे पाहा, उजवीकडे पाहा, वर, खाली. माह्या भुवईवर तवा पट्टी होती. मोबाइल ऑफिसात असते. लिपिकाजवळ."

शाळेचा लिपिक सार्थक. सचिव शालिकरामांचा मुलगा.

५. रुचिका

माझं डोकं इतकं तापलं की मी तसाच शालिकरामांच्या दारात जायला निघालो होतो. अंजनाबाईंनी थांबवलं. हजेरीचा मोबाइल त्याच्या हातात, पुसून टाकला की संपलं. आणि चुडा काय गावात एकीचाच असतो का, असं तो म्हणेल. ज्या बाईचं अंग चोरलं तिनंच बोललं पाहिजे.

शुक्रवारी दुपारी बाप-लेक शाळेत असताना आम्ही त्यांच्या घरी गेलो. अंजनाबाईंची बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन मी हमाल झालो होतो. सून नवी, तिनं मला ओळखलं नाही. मी ओसरीवर बसलो, दार उघडं होतं.

रुचिका आसेगावची, बीएस्सी बीएड झालेली, गोड बोलणारी पोरगी. "बरं झालं आल्या काकू. डाव्या हातातली एक वाढली."

"कशानं वं?"

"शाळेच्या व्हिडिओत. पंधरा ऑगस्टले पोरींसाठी स्वसंरक्षणाचा कार्यक्रम हाय ना, त्याचा नमुना. यांनीच काढला आमच्या शेडनेटमधी. कागदावर लाथा-बुक्क्यांची यादी होती, मी तशा मारून दाखवल्या." ती हसली. "स्कार्फ बांधून केलं. मामंजींले सुनेचा चेहरा मोबाइलात नको."

मला वाटलं, झालं काम! पण अंजनाबाई बायकांच्या गप्पांत शिरल्या. आई कशी आहे, भाऊ काय करतो, आखाडात माहेरी काहून नाई गेली. मी ओसरीवर चुळबुळत होतो.

"आईनं दोनदा भावाले धाडलं," रुचिका म्हणाली. "पण आखाड लागायच्या आधीच मामंजींनी सांगतलं, औंदा जायचं नाई. शाळेत विज्ञानाची जागा निघून राह्यली, कागदपत्रं तयार ठेव. उद्या बारा वाजता मुलाखत हाय माही."

काकणं भरून झाली. मग अंजनाबाईंनी मोबाइल तिच्यापुढं धरला. मी आवाज ऐकला. मान मोडल्याचा आणि टाळ्यांचा.

"ही लाथ," रुचिका म्हणाली. "ही माही हाय. हे लुगडं माहं हाय. काकू, हे… हे कोण पाह्यते?"

"बसस्टँडवर जो दहा रुपये देईन तो."

"अन् हा चेहरा?"

"ज्या बाईच्या जागेवर उद्या तुही मुलाखत हाय, तिचा."

रुचिका उठली, बांगड्यांची पेटी उचलून तिनं ओसरीवर माझ्या पायाशी ठेवली. "तुमी जा काकू. मले काई विचारू नका. मले याच घरात राह्यचं हाय."

आमचा एकमेव साक्षीदार आतून कडी लावून बसला.

६. बैठक

शनिवारी अकरा वाजता शाळेच्या ऑफिसात संस्थेचे पाच सभासद, चार पालक आणि मध्यभागी शालिकराम. धम्मदीपाला उभंच ठेवलं होतं. बसायला सांगायचीही यांना लाज वाटली. अंजनाबाईंची नात आठवीत, म्हणून पालक या नात्यानं त्या आत आल्या. हर्षलला त्यांनी लॅपटॉपसकट ओढत आणलं होतं. शेजारच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि तिथं बारा वाजताच्या मुलाखतीची एकुलती एक उमेदवार फाइल मांडीवर घेऊन बसली होती.

शालिकरामांनी संस्कृती, संस्कार आणि गुरूचं स्थान यावर दहा मिनिटं खर्च केली. मग विचारलं, "मॅडम, काही म्हणायचं आहे?"

"मले म्हणायचं हाय," अंजनाबाई उठल्या. "पोरा, लाव रे ते चित्र."

त्यांनी एकेक करून मांडलं. भुवईवरची पट्टी आणि ती असतानाच हजेरीच्या मोबाइलात भरलेला चेहरा. निळी चादर, हरिसिंगची चड्डी, हिरवी जाळी. गायब झालेलं मनगट आणि दोन्ही कडेच्या पाटल्या. सभासद आधी हसले, मग पुढं झुकून लॅपटॉपमध्ये पाहू लागले. धम्मदीपानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. डाव्या हातात घड्याळ, उजवा मोकळा.

सार्थक कोपऱ्यात उभा होता. त्याचा चेहरा पडला, पण बोलणं तयार होतं. "मोबाइल ऑफिसात असते, कोणीबी घेते. अन् चुड्याच्या बाया गावात काय कमी हायत? सगळ्याईचे हात काय सारखेच दिसतात."

"बरोबर," शालिकराम म्हणाले. "कासारणीच्या सांगण्यावर संस्था चालत नसते. पुरावा आहे का? कोण आहे ती बाई?"

अंजनाबाईंनी शेजारच्या खोलीच्या अर्धवट उघड्या दाराकडं पाहिलं. शालिकरामांनी पेनाचं टोपण काढलं आणि सेवासमाप्तीचा कागद पुढं ओढला. तो आधीच टाइप केलेला होता. भिंतीवरचं घड्याळ अकरा-चाळीस दाखवत होतं.

शेजारच्या खोलीचं दार उघडलं.

रुचिका आली ती थेट टेबलापाशी. तिनं फाइल खाली ठेवली आणि दोन्ही हात लॅपटॉपच्या पडद्याला लावून धरले. पडद्यावर मनगटाची जागा रिकामी होती, तिच्या हातात तिथंच नऊ-नऊ हिरव्या बांगड्या होत्या आणि दोन्ही कडेला पाटली.

"हे अंग माहं हाय," ती म्हणाली. "यांनी मले खोटं सांगून व्हिडिओ काढला."

"अगं, मजाक होता तो!" सार्थक ओरडला. "बाबाले काईच माहीत नाई. मी एकट्यानं केलं. मॅडमनं हर्षलचं सेंटर बंद करायचा अर्ज देल्ला म्हणून जराशी गंमत. माफी मागतो, विषय संपला."

सभासदांनी सुटकेचा श्वास सोडला. शालिकरामांनी कपाळ पुसलं आणि कागद शांतपणे बाजूला सारला. "पोरानं चूक केली. मॅडमची नोकरी कायम. आपल्या शाळेची बदनामी नको, घरातलं घरात मिटवू."

मी बोलायला तोंड उघडलं, पण अंजनाबाई आधी बोलल्या, आणि त्याही सचिवांशी नाही, सुनेशी.

"पोरी, तुले आखाडात माहेरी काहून नाई जाऊ देलं?"

रुचिका सासऱ्याकडं पाहत राहिली. मग तिला जे उमगलं ते मी तिच्या डोळ्यांत उमटताना पाहिलं.

"मामंजी म्हणाले, विज्ञानाची जागा निघून राह्यली."

"कवा म्हणाले?"

"आखाड लागायच्या आधी."

धम्मदीपानं नोटीस उलगडली. तिचा आवाज वर्गात शिकवताना असतो तसा स्वच्छ होता. "आखाड लागायच्या आधी हर्षलनं भिंतीवर यादीबी लावली नव्हती. खेळात मी नव्हती. माह्यावर आरोप नव्हता. माह्या नेमणुकीचा प्रस्ताव तुमच्याच टेबलावर होता, सर. मंग जागा कोणती निघणार होती?"

सार्थक बापाकडं पाहत होता आणि बाप टोपण पेनाला लावायचा प्रयत्न करत होता. ते बसत नव्हतं. जागा हवी म्हणून आधी ठरलं होतं की या पोरीला काढायचं. कसं काढायचं ते हर्षलच्या भिंतीवरच्या कागदानं सुचवलं. एकीचा चेहरा हजेरीतून उचलला, दुसरीचं अंग घरातून उचललं, आणि संस्कृतीवर भाषण करायला हे तयार! माणसाला माणूस म्हणायचं तरी कशाला, असं मला त्या क्षणी वाटलं आणि मी ते मोठ्यानं बोललोही.

एक सभासद कुजबुजला, "मॅडम, नोकरी तर राहिली ना तुमची. आता ताणू नका."

"नोकरी माहीच होती," धम्मदीपा म्हणाली. "ते तुमी मले देऊन नाई राह्यले."

तिनं हजेरीचा मोबाइल मागितला. सार्थक देईना, तेव्हा बाकीच्या सभासदांनी तो काढून घेतला आणि सीलबंद पाकिटात ठेवला. ते पाकीट मी चिकटवलं. तेवढं काम मला चांगलं येतं.

७. फिर्यादी

पोलीस ठाण्यात जायला धम्मदीपानं स्कूटी सुरू केली. रुचिका शाळेच्या फाटकाशी एकटीच उभी होती. नवरा, सासरा आत. ती कुठं जाणार हे कुणी विचारलं नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली, "मी येऊ का संगं?"

धम्मदीपानं तिच्याकडं नीट पाहिलं. दोघी पहिल्यांदाच एकमेकींना अशा पाहत होत्या. बसस्टँडवर मात्र गेला आठवडाभर त्या एकच बाई होत्या.

"आज तुही मुलाखत होती," धम्मदीपा म्हणाली.

"मले अशी जागा नाई पाह्यजे. संध्याकाळी आसेगावच्या गाडीत बसवून द्या, एवढंच."

"बस मागं."

अंजनाबाई आणि मी रिक्षानं मागून पोचलो. ठाण्यात हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना लवकर आवरायचं होतं. हर्षलची पेटी आधी उचलून आणा, असं मी तीनदा सांगितलं.

"आणू, आणू. फिर्यादी कोण?" त्यांनी कागद ओढला. "मॅडम तुम्ही ना? चेहरा तुमचा, तक्रार तुमची. या ताईंचा फक्त जबाब घेतो, साक्षीदार म्हणून. ओळखू तर त्या कुठंच येत नाहीत, त्यांचं नाव कशाला गोवायचं? घरचं प्रकरण आहे, उद्या पस्तावतील."

धम्मदीपा काही बोलणार, तोवर रुचिका पुढं झाली. तिच्या हातातल्या बांगड्या टेबलावर वाजल्या.

"साहेब," ती म्हणाली, "चेहरा त्यांचा हाय. पण लुगडं ओढतात ते माहं. लाथ बसते ते पोट माहं. रोज शंभरदा मोडते ते मानेच्या खालचं सगळं माहं हाय. मी साक्षीदार कशी?"

हवालदारांनी तिच्याकडं पाहिलं, मग धम्मदीपाकडं. लिहायला घेतलेला कागद त्यांनी चुरगाळला आणि नवा घेतला.

"सांगा," ते म्हणाले. "दोघींचीही पूर्ण नावं सांगा."